गाडी शिखरावर पोचलीच नाही तर?

चेंडू सरळ वर फेकला, तर तो हळूहळू मंद होत जातो, क्षणभर थांबल्यासारखा दिसतो आणि परत खाली येतो. यात नवल ते काय, असे तुम्ही म्हणाल. पण त्या चेंडूच्या जागी अठरा माणसे बसलेली एक गाडी आहे, अशी कल्पना करा. ही गाडी ताशी २०६ किलोमीटर वेगाने एका उभ्या पोलादी मनोऱ्यावर सोडून दिली आहे. तिला एंजिन नाही. तिला वर ओढणारी साखळी नाही. मनोऱ्याची उंची १३९ मीटर, म्हणजे जवळजवळ दोन कुतुबमिनार एकावर एक ठेवल्याइतकी. गाडी माथा ओलांडून पलीकडे उतरली तर ठीक. पण माथा चार हात उरला असतानाच तिचा वेग संपला तर?

हा प्रश्न काल्पनिक नाही. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात ‘सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर’ नावाचे मोठे करमणूक उद्यान आहे. तेथे २१ मे २००५ रोजी ‘किंग्डा का’ नावाचा पोलादी रोलर कोस्टर सुरू झाला. त्या वेळी तो जगातील सर्वांत उंच आणि सर्वांत वेगवान रोलर कोस्टर होता. वेगाचा विक्रम २०१० साली अबू धाबी येथील ‘फॉर्म्युला रोसा’ने ताशी २४० किलोमीटर वेग गाठून मोडला, उंचीचा विक्रम मात्र किंग्डा काने बंद होईपर्यंत राखला. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो कायमचा बंद झाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरुंग लावून मनोरा पाडण्यात आला.

किंग्डा काच्या आयुष्यात गाडी माथा न ओलांडताच परत फिरली, असे अनेकदा घडले. पण गाडी परत येणे हा अपघात नव्हता. ती आराखड्यातच धरलेली गोष्ट होती. शेकडो लोकांचा जीव ज्या यंत्रावर रोज अवलंबून आहे, त्याच्या अभियंत्यांनी ‘गाडी कधी कधी पोचणार नाही’ असे आधीच मान्य करावे, हे चमत्कारिक वाटते. तसे त्यांना का करावे लागले आणि परत येणारी गाडी त्यांनी कशी थांबवली, हे आपण या लेखात पाहू. त्यासाठी लागणारे पदार्थविज्ञान तुमच्या शाळेच्या पुस्तकात आहेच.

साखळीपासून उत्क्षेपणापर्यंत

रोलर कोस्टरची मूळ कल्पना अगदी साधी आहे. गाडी एकदा उंचावर न्यायची आणि सोडून द्यायची. पुढचे सर्व चढउतार ती स्वतःच पार करते. १८८४ साली न्यूयॉर्कजवळील कोनी आयलंड येथे लामार्कस थॉम्सन यांनी सुरू केलेली घसरगाडी याच तत्त्वावर चालत असे. तिचा वेग धावणाऱ्या मुलापेक्षा फारसा जास्त नव्हता.

पुढे दोन सुधारणांनी मोठा फरक पडला. १९१९ साली जॉन मिलर यांनी रुळाच्या खालच्या बाजूस चिकटून फिरणाऱ्या जादा चाकांचे पेटंट घेतले. आजच्या गाडीला तीन प्रकारची चाके असतात. काही रुळावरून धावतात, काही रुळाच्या कडेने आणि काही रुळाखालून. तळहाताने काठी मुठीत धरावी तशी ही चाके रूळ धरून ठेवतात. त्यामुळे गाडी उलटी झाली किंवा वर उसळू लागली तरी रुळावरून सुटत नाही. दुसरी सुधारणा म्हणजे पोलादी नळीचा रूळ. १९५९ साली कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये ‘मॅटरहॉर्न’ या गाडीसाठी तो प्रथम वापरला गेला. लाकडी सांगाड्याला जे जमत नव्हते, ते वळण पोलादी नळीला हवे तसे आणि अचूक देता येऊ लागले.

त्यानंतर उंचीची स्पर्धा लागली. अमेरिकेतील ओहायो राज्यात ‘सीडर पॉइंट’ नावाचे उद्यान आहे. तेथील ‘मॅग्नम’ने १९८९ साली ६० मीटरांची मर्यादा ओलांडली. त्याच उद्यानात २००० साली ‘मिलेनियम फोर्स’ सुमारे ९४ मीटर उंच गेला आणि २००३ साली ‘टॉप थ्रिल ड्रॅगस्टर’ १२८ मीटरांवर पोचला.

या तीन नावांत एक महत्त्वाचा फरक लपलेला आहे. पहिल्या दोन गाड्या साखळीने किंवा तारदोराने माथ्यावर ओढून नेल्या जातात. माथ्यावर त्या पोचतात, यात शंका नसते. तिसऱ्या गाडीपासून ही पद्धत बदलली. गाडीला सपाट जमिनीवरच प्रचंड वेग द्यायचा आणि त्या वेगाच्या बळावर तिने स्वतः माथा गाठायचा, अशी ही नवी पद्धत. तिला आपण उत्क्षेपण म्हणू. किंग्डा का हा याच पद्धतीचा. पोचण्याची खात्री गेली ती येथे.

ऊर्जेचा जमाखर्च

आता थोडे गणित करू. किंग्डा काची गाडी ३.५ सेकंदांत ताशी २०६ किलोमीटर वेग घेत असे. ताशी २०६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५७.२ मीटर.

गतिमान वस्तूची गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराची निमपट, हे तुम्हांला ठाऊक आहे. गाडीचे एकूण वस्तुमान कितीही असो. आपण तिच्या प्रत्येक किलोग्रॅमचा हिशेब करू. ५७.२ चा वर्ग सुमारे ३,२७२. त्याची निमपट १,६३६. म्हणजे उत्क्षेपण संपते तेव्हा गाडीच्या प्रत्येक किलोग्रॅमजवळ १,६३६ ज्यूल ऊर्जा जमा असते.

आता खर्च पाहू. एक किलोग्रॅम वस्तू १३९ मीटर उंच न्यायला ९.८ × १३९, म्हणजे सुमारे १,३६२ ज्यूल ऊर्जा लागते. ही स्थितिज ऊर्जा. तेव्हा माथ्यावर पोचेपर्यंत १,६३६ पैकी १,३६२ ज्यूल उंचीपोटी खर्च होतात. उरतात २७४ ज्यूल. मूळ जमेचा जेमतेम सहावा हिस्सा!

या सहाव्या हिश्श्यातूनच इतर सर्व देणी भागवायची आहेत. चाकांचे घर्षण आहे. हवेचा विरोध आहे, आणि ताशी दोनशे किलोमीटर वेगाला तो किरकोळ नसतो. धावत्या आगगाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढला असता हाताला जो रेटा लागतो (असे कधी करू नका), त्याच्या कित्येक पट रेटा या गाडीच्या तोंडावर पडतो. समोरून वारा आला की तो आणखी वाढतो. थंडीत चाकांचे वंगण घट्ट होते आणि घर्षणही वाढते.

गाडीत किती माणसे आहेत यानेही फरक पडतो. गाडी रिकामी असेल तर ती हलकी, म्हणून माथा सहज ओलांडेल, असे बहुतेकांना वाटते. पण विचार करा. गाडी भरलेली असो की रिकामी, तिच्यावरचा हवेचा विरोध जवळजवळ सारखाच. कारण तो आकारावर आणि वेगावर अवलंबून असतो. गतिज ऊर्जा मात्र वस्तुमानाच्या प्रमाणात असते. म्हणून सुटताना वेग सारखाच असेल, तर हवेपायी प्रत्येक किलोग्रॅममागे होणारे नुकसान हलक्या गाडीत अधिक. कापसाचा बोळा आणि त्याच आकाराचा दगड सारख्याच वेगाने वर फेकून पाहा. दूर कोण जातो?

एका विद्यार्थ्यामागे एक ट्रॅक्टर

जमाखर्चाला वेळेचीही बाजू आहे. ५० किलोग्रॅम वस्तुमानाचा एक विद्यार्थी या गाडीत बसला, तर एकट्या त्याला द्यावी लागणारी ऊर्जा ५० × १,६३६, म्हणजे ८१,८०० ज्यूल. ही ३.५ सेकंदांत द्यायची. भागाकार केला की सरासरी शक्ती येते २३,००० वॉटांहून थोडी जास्त, म्हणजे सुमारे ३१ अश्वशक्ती. शेतात नांगर ओढणाऱ्या साध्या ट्रॅक्टरची शक्ती याच्याच आसपास असते. अशी अठरा माणसे, शिवाय काही टन वजनाची खुद्द गाडी!

एवढी शक्ती थेट विजेच्या तारेतून घ्यायची म्हटले, तर दर उत्क्षेपणाच्या वेळी वीजपुरवठ्यावर केवढा ताण पडेल! म्हणून येथे एक जुनी युक्ती वापरली होती. नळाची धार बारीक असेल तर आपण काय करतो? घागर लावून ठेवतो. ती सावकाश भरते, आणि मग एकदम ओतता येते. किंग्डा कामध्ये दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात पंप तेलाला दाब देत आणि त्या तेलाच्या दाबाने बंद टाक्यांतील नायट्रोजन वायू दाबला जाई. ही भरलेली घागर. उत्क्षेपणाच्या क्षणी वायू प्रसरण पावून तेलाला जोराने पुढे ढकली, तेल मोटरी फिरवी, मोटरी एक मोठा रहाट फिरवीत आणि रहाटावर गुंडाळली जाणारी तार गाडीला ओढून नेई. ठरलेला वेग आला की ओढणारा भाग गाडीपासून सुटे.

ही यंत्रणा नाजूक होती. कोस्टर सुरू होऊन महिनाही झाला नव्हता, तोच जून २००५ मध्ये उत्क्षेपण यंत्रणेत बिघाड झाला आणि ऑगस्टपर्यंत तो बंद ठेवावा लागला.

प्रवाशाला या साडेतीन सेकंदांत काय जाणवे? ५७.२ भागिले ३.५ म्हणजे त्वरण सुमारे १६.३ मीटर प्रतिसेकंद प्रतिसेकंद, गुरुत्व त्वरणाच्या १.६७ पट. गाडीत ओळंबा टांगला असता तर तो सरळ खाली न लोंबता मागच्या बाजूस जवळजवळ ६० अंशांनी कलला असता. प्रवाशाला आपले वजन दुप्पट झाले आहे आणि ‘खाली’ ही दिशा पाठीमागे सरकली आहे, असे वाटे. तुम्ही एस.टी.च्या गाडीत उभे असता आणि चालक एकदम वेग घेतो, तेव्हा मागे झुकता. तोच हा अनुभव, पण कितीतरी तीव्र. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. शरीराला वेग जाणवत नाही, वेगातील बदल जाणवतो. ताशी दोनशे किलोमीटरने संथ धावणाऱ्या आगगाडीत चहाचा पेला हिंदकळत नाही.

वर जातानाच वजन नाहीसे

उत्क्षेपणानंतर रूळ वळून सरळ उभा, ९० अंशांत, आकाशाकडे जात असे. या वळणावर प्रवासी आसनावर घट्ट दाबला जाई. पण उभ्या रुळावर गाडी शिरली की त्याचे वजन जवळजवळ नाहीसे होई!

वर्गात हे सांगितले की विद्यार्थी हटकून विचारतात, “सर, गाडी तर वर चालली आहे. वजन खाली पडताना नाहीसे होते ना?” हा गैरसमज फार पसरलेला आहे. वर फेकलेल्या चेंडूचे त्वरण वर जाताना किती असते आणि खाली येताना किती? दोन्ही वेळा ९.८, आणि दोन्ही वेळा खालच्याच दिशेने. गाडी आणि प्रवासी दोघेही त्या चेंडूसारखेच एकाच त्वरणाने मंद होत आहेत. मग आसनाने प्रवाशाला दाबण्याचे कारणच उरत नाही. वजनाची जाणीव आपल्याला पृथ्वीच्या ओढीमुळे होत नाही; खालची जमीन किंवा आसन आपल्याला वर रेटते, त्यामुळे होते. रेटा गेला की जाणीव गेली.

प्रत्यक्षात हवा गाडीला थोडे अधिक मंद करते. त्यामुळे प्रवासी आसनापासून किंचित सुटून पुढच्या सुरक्षा-पट्ट्याकडे ढकलला जातो. म्हणूनच तो पट्टा सबंध प्रवासभर घट्ट हवा.

शिखरावरची अरुंद वाट

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. गाडी कधी कधी परत येते, तर तिला आणखी थोडा वेग देऊन प्रश्न कायमचा मिटवता येणार नाही का? सुटतानाचा वेग दहा टक्क्यांनी वाढवला की झाले!

करून पाहू. हिशेब सोपा व्हावा म्हणून घर्षण आणि हवा क्षणभर बाजूला ठेवू, आणि शिखरावरचा बाक २० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा आहे असे समजू. हा आकडा आपण केवळ उदाहरणासाठी घेतला आहे.

प्रथम नेहमीचा वेग. शिखरावर प्रत्येक किलोग्रॅमजवळ २७४ ज्यूल उरतात. त्यावरून वेग येतो सेकंदाला २३.४ मीटर, म्हणजे ताशी ८४ किलोमीटर. वर्तुळाकार बाकावरून जाण्यासाठी लागणारे केंद्राभिमुख त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. ते येते २७.४. यातील ९.८ पृथ्वी पुरवते. उरलेले १७.६ सुरक्षा-पट्ट्याने प्रवाशाला खाली दाबून पुरवायचे. म्हणजे प्रवासी आपल्या वजनाच्या १.८ पट जोराने वर उसळू पाहतो. खऱ्या प्रवासात घर्षण आणि हवा यांमुळे शिखरावरचा वेग याहून पुष्कळ कमी होई, म्हणून प्रवाशांना हा झटका असा बसत नसे.

आता सुटतानाचा वेग दहा टक्क्यांनी वाढवा. ताशी २०६ ऐवजी सुमारे २२७ किलोमीटर. प्रत्येक किलोग्रॅमची ऊर्जा होते १,९८० ज्यूल. शिखरावर उरतात ६१८, वेग होतो सेकंदाला ३५ मीटर आणि प्रवासी आपल्या वजनाच्या पाचपटींहून अधिक जोराने वर फेकला जाऊ पाहतो! खाली दहा टक्क्यांची वाढ आणि शिखरावर जवळजवळ तिप्पट जोर. घर्षणाने यातले काही कमी होईल हे खरे, पण धोका कमी होत नाही. वर उसळताना रक्त डोक्याकडे धावते, आणि असा उलटा भार मानवी शरीराला सरळ भारापेक्षा फार कमी सोसतो.

उलट सुटतानाचा वेग दहा टक्क्यांनी कमी करा. ताशी सुमारे १८५ किलोमीटर. ऊर्जा होते १,३२६ ज्यूल. लागतात १,३६२. घर्षण मुळीच नसले तरी गाडी शिखराच्या पावणेचार मीटर खालीच थांबेल आणि परत फिरेल.

पाहिलेत? दहा टक्के जास्त झाले तर प्रवाशांना इजा, दहा टक्के कमी झाले तर गाडी परत. अभियंत्याला या दोहोंमधल्या अरुंद वाटेवरून चालायचे आहे. आणि ही वाट स्थिर नाही. वारा, थंडी, प्रवाशांची संख्या यांनी ती रोज थोडी सरकते. मग तोल चुकलाच तर तो कोणत्या बाजूला चुकू द्यायचा? उत्तर उघड आहे. जास्त वेगाच्या चुकीला उपाय नाही. शिखरावर तो झटका बसणारच. कमी वेगाच्या चुकीला मात्र उपाय करता येतो. म्हणून वेग बेताचाच ठेवायचा, आणि परत येणाऱ्या गाडीला सांभाळण्याची पक्की व्यवस्था करायची. गाडी कधी कधी पोचणार नाही हे अभियंत्यांनी मान्य केले, ते यासाठी.

विजेवाचून चालणारा ब्रेक

परत येणारी गाडी पायथ्याशी पोचते तेव्हा तिचा वेग किती असेल? १३९ मीटरांवरून घर्षणाशिवाय आली, तर सेकंदाला सुमारे ५२ मीटर, म्हणजे ताशी १८८ किलोमीटर. प्रत्यक्षात थोडा कमी. तीही उलटी, पाठीमागच्या दिशेने, आणि मागे स्थानकात दुसरी गाडी उभी असू शकते. अशा वेळी वीज गेली, चालक गोंधळला, ब्रेक ओले झाले, असे काहीही होऊन चालणार नाही.

येथे मायकेल फॅराडे मदतीला येतो. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात वाहक ठेवला तर त्यात विद्युत् प्रवाह निर्माण होतो, हे त्याने १८३१ साली दाखवले. पुढे लेंझने या प्रवाहाची दिशा सांगितली: ज्या बदलामुळे प्रवाह निर्माण झाला, त्या बदलालाच तो विरोध करतो. आता तांब्यासारख्या धातूची एक जाड पट्टी आणि तिच्या दोन्ही बाजूंना कायम चुंबक, अशी रचना करा. चुंबक पट्टीजवळून वेगाने गेले की पट्टीत पाण्यातल्या भोवऱ्यांसारखे गोल फिरणारे प्रवाह सुरू होतात. त्यांना आवर्त प्रवाह म्हणतात. हे प्रवाह गतीला विरोध करतात. पट्टी आणि चुंबक एकमेकांना स्पर्शही करत नाहीत, तरी गाडी मंद होते. चुंबक गाडीवर आणि पट्ट्या रुळावर, की उलट, याने तत्त्वात फरक पडत नाही. महत्त्व आहे ते सापेक्ष गतीला.

किंग्डा काच्या उत्क्षेपण मार्गावर अशा ब्रेक-पट्ट्यांच्या रांगा होत्या. गाडी सुटण्यापूर्वी त्या खाली जात. गाडी पुढे गेली की तिच्या मागे त्या पुन्हा वर येत. म्हणजे गाडी अजून मनोऱ्याकडे धावत असतानाच तिच्या परतीची सोय झालेली असे.

या ब्रेकचे तीन गुण ध्यानात ठेवा. पहिला, रोधक बल निर्माण करायला बाहेरून वीज लागत नाही. गाडीची गतीच ते निर्माण करते. दुसरा, काहीही घासत नाही, म्हणून झीज नाही आणि पावसाने निसरडेपणा नाही. तिसरा, एका मर्यादेपर्यंत वेग जितका जास्त तितका विरोध जास्त. वेग कमी झाला की विरोधही कमी. म्हणून गाडी दचका न बसता थांबत जाते. यातच एक उणीवही आहे. गाडी पूर्ण थांबली की विरोध शून्य! आवर्त प्रवाहाचा ब्रेक गाडीला मंद करतो, पण उतारावर धरून ठेवू शकत नाही. त्यासाठी साधा, पकडून ठेवणारा ब्रेक वेगळा लागतो.

गाडीची ऊर्जा जाते कुठे? ऊर्जा नाहीशी होत नाही, पट्ट्या तापतात. आपल्या ५० किलोग्रॅमच्या विद्यार्थ्याचीच १३९ मीटरांवरील स्थितिज ऊर्जा सुमारे ६८,००० ज्यूल होती. तेवढ्या उष्णतेने एक लिटर पाण्याचे तापमान सुमारे १६ अंश सेल्सिअसने वाढेल.

आणि प्रवाशाला काय वाटे? गाडी मागे धावते आहे आणि मंद होते आहे. म्हणजे तिचे त्वरण पुढच्या दिशेने आहे. उत्क्षेपणाच्या वेळीही ते पुढच्याच दिशेने होते. म्हणून दोन्ही वेळा प्रवासी आसनाच्या पाठीवरच दाबला जातो, पुढे फेकला जात नाही. ही गाडी सुमारे १०० मीटरांत थांबवली असे धरले, तर सरासरी त्वरण गुरुत्वाच्या १.४ पट येते, उत्क्षेपणाहून कमीच. यानंतर तीच गाडी पुन्हा सोडता येई, आणि प्रवाशांना एका तिकिटात दोन उड्डाणे मिळत!

झोपाळ्याची युक्ती

आणखी एक मजेदार गोष्ट सांगतो. सीडर पॉइंटचा टॉप थ्रिल ड्रॅगस्टर २०२१ साली बंद करावा लागला. २०२४ साली त्याला ‘टॉप थ्रिल २’ या नावाने नवे रूप मिळाले. त्यात तेल-वायूची यंत्रणा काढून रेषीय विद्युत् मोटरी बसवल्या आणि मागच्या बाजूस तितक्याच उंचीचा दुसरा मनोरा उभारला. आता गाडीला पहिला धक्का ताशी ११९ किलोमीटरचा. एवढ्याने ती १२८ मीटर चढणे शक्यच नाही; घर्षण नसते तरी ती सुमारे ५६ मीटरांवरून परत फिरली असती. परत येताना मोटरी तिला मागे ढकलतात आणि ताशी १६३ किलोमीटर वेगाने ती मागच्या मनोऱ्यावर चढते. तेथून उतरताना तिसरा धक्का मिळतो आणि ताशी १९३ किलोमीटर वेग घेऊन ती शिखर ओलांडते.

झोपाळ्यावर बसलेल्या धाकट्या भावंडाला तुम्ही एकदम उंच फेकत नाही. प्रत्येक फेरीला थोडाथोडा झोका देता. तेच हे. पूर्वी गाडी परत येणे ही निभावून न्यायची गोष्ट होती. येथे तोच प्रवासाचा भाग झाला.

कोणतेही यंत्र बांधताना ‘ते कसे चालेल’ हा प्रश्न सगळेच विचारतात. ‘ते चालले नाही तर काय होईल’ हा प्रश्नही त्याच वेळी विचारावा लागतो, आणि त्याचे उत्तर शक्यतो अशा नियमावर सोपवावे लागते, जो वीज गेली तरी रजा घेत नाही. धरणाचा सांडवा, कुकरची सुरक्षा झडप, घरातला फ्यूज ही याच विचाराची रूपे आहेत. तुमच्या आसपास आणखी कोणती सापडतात, ते शोधा.

करून पाहा

१. प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाजवळ एक भोक पाडा. बोटाने ते दाबून बाटली पाण्याने भरा, झाकण काढा आणि बोट सोडा. धार लागेल. आता मोकळ्या मैदानात बाटली सरळ वर फेका. हातातून सुटताक्षणी, म्हणजे वर जातानाच, धार बंद पडते, हे नीट पाहा.

२. ॲल्युमिनियमची मीटरभर लांब पोकळ नळी उभी धरा. तिच्यातून एक लोखंडी गोळी सोडा आणि नंतर तेवढ्याच आकाराचा प्रबळ निओडिमियम चुंबक सोडा. दोघांना लागणारा वेळ मोजा. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, तरीही हे घडते. (असे चुंबक लहान मुलांच्या हाती देऊ नका, गिळले गेल्यास ते फार घातक ठरतात.)

३. प्लॅस्टिकची नळी उभी चिरून पन्हळ तयार करा. तिला एक उतार आणि त्यापुढे एक टेकडी असा आकार द्या. कोणत्या उंचीवरून सोडलेली गोटी टेकडी जेमतेम ओलांडते, ते शोधा. मग त्याच उंचीवरून गोटी वीस वेळा सोडा. प्रत्येक वेळी ती ओलांडते का? उंची थोडीशी वाढवून आणि कमी करून पुन्हा मोजा. (गोटी गडगडते, म्हणून तिच्या ऊर्जेचा काही भाग फिरण्यातही असतो, केवळ सरळ वेगाचे सूत्र येथे पुरणार नाही.)

विचार करा

१. सुटतानाचा वेग फक्त पाच टक्क्यांनी कमी झाला, तर घर्षण नाही असे धरून शिखरावरचा वेग किती राहील?

२. फॉर्म्युला रोसाचा वेग ताशी २४० किलोमीटर. हा सर्व वेग चढण्यात खर्च केला, तर घर्षणाशिवाय गाडी किती उंच जाईल? तिची प्रत्यक्ष उंची मात्र सुमारे ५२ मीटर आहे. मग तिच्या चालकांना गाडी परत येण्याची चिंता किंग्डा काइतकी असेल का?

३. चंद्रावर गुरुत्व त्वरण पृथ्वीच्या सुमारे एकषष्ठांश आहे आणि हवा नाही. ताशी २०६ किलोमीटर वेगाने सोडलेली गाडी तेथे किती उंच चढेल? आणि तेथे आवर्त प्रवाहाचा ब्रेक चालेल का?